पोर्ट ५३ बंद आहे, मग धोका कुठून येतो?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

डीएनएस सर्व्हर (वेबसाइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारा, पोर्ट ५३ वर बोलणारा सर्व्हर) याच्या सॉफ्टवेअरमधल्या मेमरीच्या त्रुटींबद्दल सांगली-सातारा भागातून आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रं मुद्द्यापुरतीच ठेवली आहेत. आज्ञा आणि सेटिंगची नावं देवनागरीत छापली असली तरी टाइप करताना अर्थातच इंग्रजी स्पेलिंगने करायची.

प्रश्न : आमच्याकडे विंडोज सर्व्हर २०१२ आर२ आहे. तोच डोमेन कंट्रोलर (सगळ्यांची लॉगिनं सांभाळणारा) आणि तोच डीएनएस. ऑडिटमध्ये ‘सिगरेड’ या विंडोज डीएनएसच्या त्रुटीचा शेरा आला आहे. पण फायरवॉलवर बाहेरून आत येणारं पोर्ट ५३ पहिल्यापासून बंद आहे. बाहेरचा माणूस सर्व्हरपर्यंत पोचूच शकत नसेल तर हा शेरा काढायला सांगावा का?
(संगणक विभाग, एक पतसंस्था, सांगली)

उत्तर : शेरा बरोबर आहे, काढायला सांगू नका. पोर्ट ५३ आत येण्यासाठी बंद असेल, पण बाहेर जाण्यासाठी उघडंच असणार. नाहीतर तुमच्या एकाही शाखेत वेबसाइट उघडली नसती. पीसीने अनोळखी नाव विचारलं की तुमचा सर्व्हर स्वतः उठून बाहेर जातो, त्या नावाच्या मालकाचा सर्व्हर गाठतो आणि तो देईल ते उत्तर वाचतो. हे आपणच सुरू केलेल्या बोलण्याचं उत्तर आहे, असं समजून फायरवॉल ते आत सोडतो. सिगरेडचा हल्ला बसलेला असतो तो या उत्तरात.

ही त्रुटी, म्हणजे सीव्हीई-२०२०-१३५० (सीव्हीई हा जाहीर त्रुटींना मिळणारा क्रमांक), चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी शोधली. मायक्रोसॉफ्टने १४ जुलै २०२० ला पॅच काढला. गांभीर्य १० पैकी १०. विंडोज सर्व्हर २००३ पासून २०१९ पर्यंतच्या आवृत्त्यांत, म्हणजे १७ वर्षं, ती तशीच पडून होती.

हल्ला कसा होतो ते पाहा. हल्लेखोर एखादं डोमेन विकत घेतो आणि त्याचा नेमसर्व्हर स्वतःकडे ठेवतो. तुमच्या आतल्या कुणाकडून तरी त्या डोमेनची ‘सिग’ प्रकारची (सहीची) नोंद विचारली जाईल अशी व्यवस्था करतो. त्याचा सर्व्हर यूडीपीवर (छोटी उत्तरं नेणाऱ्या पद्धतीवर) ‘उत्तर मावलं नाही, कापलं आहे’ एवढाच बिट लावून परत पाठवतो. नियमाप्रमाणे तुमचा सर्व्हर तोच प्रश्न टीसीपीवर (मोठी उत्तरं नेणाऱ्या पद्धतीवर) पुन्हा विचारतो. टीसीपीवर संदेशाची लांबी सुरुवातीच्या दोन बाइटमध्ये लिहिलेली असते, त्यामुळे तो जास्तीत जास्त ६५,५३५ बाइटचा असू शकतो. हल्लेखोर जवळपास तेवढंच मोठं उत्तर देतो. खरी मेख पुढेच आहे. उत्तरातलं नाव पूर्ण न लिहिता संक्षेपाने लिहिलेलं असतं. सर्व्हर ते उलगडतो तेव्हा ते लांबतं आणि नाव, सही व बाकीची क्षेत्रं मिळून बेरीज ६५,५३५ च्या पुढे जाते. विंडोजच्या कोडमध्ये ही बेरीज १६ बिटांच्या जागेत ठेवलेली होती. तिथे ६५,५३६ चा ० होतो आणि ६५,६३६ चा १००. सर्व्हर मेमरीत १०० बाइटची जागा मागून घेतो आणि तिच्यात साठ हजारांच्या वर बाइट ओततो. हीपमध्ये, म्हणजे मेमरीच्या या भागात, शेजारी जे असेल त्यावर हल्लेखोराने पाठवलेला मजकूर लिहिला जातो. डीएनएसची ही सेवा ‘सिस्टिम’ या सर्वोच्च अधिकाराने चालते आणि तुमच्याकडे ती डोमेन कंट्रोलरवरच आहे. म्हणजे पासवर्ड न विचारता अख्खं डोमेन त्याच्या हाती.

‘आतल्या कुणाकडून’ हा भागही वाटतो तेवढा अवघड नाही. मेलमधली एक लिंक पुरते. चेक पॉइंटने दाखवलेली युक्ती बघण्यासारखी आहे. वेबपेजने ब्राउझरकडून आतल्या डीएनएस सर्व्हरच्या पोर्ट ५३ वर साधी पोस्ट विनंती पाठवायला लावली. तिची पहिली दोन अक्षरं पी आणि ओ. डीएनएस सर्व्हर त्यांच्याकडे अक्षरं म्हणून बघत नाही, लांबी म्हणून वाचतो : २०,५५९. पुढचं सगळं तो डीएनएस संदेश समजून तपासत बसतो. क्रोम आणि फायरफॉक्स पोर्ट ५३ वर जायलाच नकार देतात. इंटरनेट एक्सप्लोरर आणि जुना एज नकार देत नव्हते, आणि कुठलंतरी जुनं पोर्टल चालावं म्हणून इंटरनेट एक्सप्लोरर ठेवलेले पीसी अजून बऱ्याच कार्यालयांत सापडतात.

आता काय करायचं. आधी पॅच आहे का ते बघा. २०१२ आर२ साठी दोन प्रकारची अपडेट निघतात. ‘मंथली रोलअप’मध्ये मागचं सगळं येतं, त्यामुळे जुलै २०२० किंवा नंतरचा कुठलाही रोलअप बसलेला असेल तर काम झालं. ‘सिक्युरिटी ओन्ली’मध्ये फक्त त्या महिन्याचं येतं. तुम्ही हीच टाकत आला असाल तर जुलै २०२० चं नेमकं आहे का ते शोधावं लागेल, मधला एखादा महिना सुटणं सहज शक्य असतं. पॉवरशेलमध्ये ‘गेट-हॉटफिक्स’ चालवलं की यादी मिळते.

पॅच आजच्या आज टाकता येत नसेल तर मायक्रोसॉफ्टने दिलेला तात्पुरता उपाय करा. रजिस्ट्रीत एचकेएलएम, सिस्टिम, करंट-कंट्रोल-सेट, सर्व्हिसेस, डीएनएस, पॅरामीटर्स इथपर्यंत जा. ‘टीसीपी-रिसीव्ह-पॅकेट-साइज’ या नावाची डीवर्ड किंमत तयार करा. नावातले चारही शब्द सलग, मध्ये जागा किंवा रेघ नाही. ‘डेसिमल’ निवडून ६५२८० भरा. मग डीएनएस सेवा रिस्टार्ट करा, अख्खा सर्व्हर करायची गरज नाही. पुष्कळ जण इथेच चुकतात : किंमत भरतात, सेवा तशीच चालू ठेवतात आणि जुनी मर्यादा मेमरीत कायम राहते. ६५,२८० म्हणजे कमाल लांबीपेक्षा २५५ कमी, आणि डीएनएसमध्ये एका नावाची कमाल लांबीही २५५ बाइटच असते. यापेक्षा मोठी टीसीपी उत्तरं सर्व्हर काही न बोलता टाकून देईल. खऱ्या व्यवहारात एवढी मोठी उत्तरं येत नाहीत, तरी एखादं नाव अचानक उघडेनासं झालं तर हा बदल केल्याचं आठवणीत असू द्या. पॅच बसला की ही किंमत काढून टाका.

पॅच टाकण्याआधी ‘डब्ल्यूबी-अ‍ॅडमिन स्टार्ट सिस्टिम-स्टेट-बॅकअप’ने बॅकअप घ्या. दुसरा डोमेन कंट्रोलर असेल तर एक एक करून घ्या आणि डीएचसीपीतून पीसींना दोघांचेही पत्ते मिळतात ना ते आधी तपासा. झाल्यावर ‘एनएसलुकअप’ने एक आतलं आणि एक बाहेरचं नाव विचारा आणि ‘डीसीडायग’ची डीएनएस चाचणी चालवा.

शेवटचं, जरा कडू. २०१२ आर२ चा नियमित आधार १० ऑक्टोबर २०२३ ला संपला आणि पैसे भरून मिळणाऱ्या अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६. लोकांच्या ठेवी सांभाळणाऱ्या संस्थेचा डोमेन कंट्रोलर त्यावर ठेवू नये. त्या मुदतीनंतर पुढच्या सिगरेडचा पॅच या सर्व्हरसाठी निघणारच नाही.

प्रश्न : सर्व्हरचा फॉरवर्डर (ज्याच्याकडे तो प्रश्न पुढे पाठवतो तो बाहेरचा डीएनएस) ८.८.८.८ किंवा १.१.१.१ केला की हा विषय मिटतो का?
(वाचक, फलटण)

उत्तर : मिटत नाही, थोडा सौम्य होतो. मधला मोठा रिझॉल्व्हर (नावं शोधून देणारा डीएनएस सर्व्हर) पुष्कळ विचित्र उत्तरं गाळतो आणि उत्तर नव्याने बांधून देतो. पण जे नियमात बसतं आणि तरीही तुमच्या सर्व्हरला पेलत नाही ते पुढे येऊ शकतं. वाचायचं काम शेवटी तुमच्याच कोडला आहे. आणि एक : डोमेनमधल्या पीसींना थेट ८.८.८.८ देऊ नका. डोमेन कंट्रोलर शोधण्याच्या नोंदी गूगलकडे नसतात. लॉगिनला पाच-पाच मिनिटं लागायला लागली की लोक केबल बदलत बसतात आणि दोष भलत्याच गोष्टीला देतात.

प्रश्न : बफर ओव्हरफ्लो अभ्यासक्रमात शिकलो. इतकी वर्षं झाली तरी डीएनएस सर्व्हरमध्ये तेच पुन्हा पुन्हा का निघतं? रस्ट भाषेत लिहिलं की संपलं का? शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट यावर करावा असं वाटतं.
(अभियांत्रिकीचा विद्यार्थी, कराड)

उत्तर : आधी पॅकेट जवळून बघ. सांगली जिल्ह्याच्या सरकारी साइटचं नाव घे : सांगली, मग गव्ह, मग इन. पॅकेटमध्ये टिंबं नसतात. पहिला बाइट ६, मग सांगलीची इंग्रजी ६ अक्षरं. मग ३ आणि ३ अक्षरं, मग २ आणि २ अक्षरं, शेवटी ०. एकूण १५ बाइट. प्रत्येक तुकड्याची लांबी तुकड्याच्या आधी लिहिलेली असते आणि ती लिहितो पाठवणारा. साखर कारखान्यात ट्रॉली काट्यावर न चढवता ड्रायव्हरने सांगितलेलं वजन पावतीवर लिहावं, तसं सीमधला कोड ‘मेमकॉपी’ करताना वागतो. पॅकेटमध्ये खरोखर तेवढे बाइट उरलेत का आणि जिथे ठेवायचे तिथे तेवढी जागा आहे का, हे दोन्ही प्रश्न प्रोग्रामरने स्वतः विचारायचे असतात. भाषा विचारत नाही.

वर संक्षेपाची भानगड. एका तुकड्याची लांबी ६३ पर्यंतच, म्हणजे ६ बिटांत मावते. वरचे दोन्ही बिट १ असतील तर ती लांबी नसते, उरलेले १४ बिट ‘हे नाव आधी अमुक ठिकाणी आलंय, तिथून वाच’ असं सांगतात. निर्देशक स्वतःकडेच बोट दाखवत असेल तर? कोड तिथेच फिरत राहतो. पुढे, अजून न वाचलेल्या जागेकडे दाखवत असेल तर? दहा निर्देशक साखळीने जोडून नाव २५५ च्या पुढे नेलं तर? निर्देशक नेहमी मागेच जायला हवा आणि उलगडलेल्या नावाची लांबी दर पावलाला मोजायला हवी. हे दोन नियम पाळले की बहुतेक घात टळतात. पाळले गेलेच आहेत असं मात्र धरून चालू नकोस.

पुन्हा पुन्हा का, याला आमचं उत्तर असं. साधी ‘ए’ नोंद वाचणारा कोड रोज कोट्यवधी वेळा घासला जातो, तिथलं बहुतेक उघडं पडून दुरुस्त झालेलं असतं. त्रुटी सापडतात त्या क्वचित वापरल्या जाणाऱ्या कोपऱ्यात. बाइंड या डीएनएस सॉफ्टवेअरच्या ८ व्या आवृत्तीत १९९९ साली ‘एनएक्सटी’ नोंदीत सापडली. २००१ च्या जानेवारीत ‘टीसिग’मध्ये, आणि तिचा फायदा घेणारा लायन नावाचा, आपोआप पसरणारा वर्म त्याच मार्चमध्ये लिनक्स सर्व्हरवर फिरत होता. विंडोजमध्ये सिगच्या नोंदीत. बाइंड ९ मध्ये २०२१ साली जीएसएस-टीसिगसाठी लागणाऱ्या ‘स्प्नेगो’च्या कोडमध्ये, सीव्हीई-२०२०-८६२५. राउटरमध्ये असणाऱ्या डीएनएसमॅस्कमध्ये त्याच वर्षी डीएनएससेकच्या (उत्तरांवरच्या सह्या तपासण्याच्या पद्धतीच्या) नोंदी क्रमाने लावणाऱ्या भागात. मूळ नियम १९८७ चे आहेत, पण त्यावर दर काही वर्षांनी नवा नोंदप्रकार चढतो आणि प्रत्येकाबरोबर वाचणारा नवा कोड येतो.

रस्टने या जातीच्या त्रुटी बहुतांशी जातात. रस्टमध्ये हिकरी डीएनएस आहे, आधी त्याचं नाव ट्रस्ट-डीएनएस होतं. गो भाषेत कोअरडीएनएस आहे. तिथे हद्दीबाहेर लिहायला गेलास तर प्रोग्राम पॅनिक होतो, शेजारची मेमरी बिघडत नाही. पण बंद पडलेला डीएनएस हीसुद्धा अडचणच. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या कीट्रॅपमध्ये, सीव्हीई-२०२३-५०३८७ मध्ये, मेमरीचा एकही नियम मोडला जात नव्हता. सह्या आणि किल्ल्यांच्या जोड्या तपासता तपासता सीपीयू अडकून पडायचा, आणि एका पॅकेटने बाइंडला १६ तासांपर्यंत अडकवता येत होतं. ती अडचण प्रोटोकॉलच्या नियमातच होती, कुठल्याही भाषेत लिहिलं असतं तरी आली असती.

प्रोजेक्टसाठी : फक्त डीएनएस संदेश वाचणारं छोटं फंक्शन सीमध्ये लिही, त्याला बफर आणि लांबी एवढंच दे. क्लँगने ‘एफ-सॅनिटाइझ’मध्ये ‘अ‍ॅड्रेस’ आणि ‘फझर’ (बिघडवलेली पॅकेटं सतत देऊन क्रॅश शोधणारं साधन) दोन्ही देऊन बांध. बियाणं म्हणून टीसीपीडंपने पकडलेली पन्नासेक खरी पॅकेटं दे. पण आधी त्यांचे वरचे ४२ बाइट काप : इथरनेटचे १४, आयपीचे २०, यूडीपीचे ८. हे कापलं नाहीस तर फझर रात्रभर इथरनेटच्या पत्त्यांशी खेळत बसेल आणि सकाळी काहीच हाती लागणार नाही. व्हीलॅनचा (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्याचा) टॅग असेल तर आणखी ४. मग निर्देशक मागेच जातो ना ही तपासणी मुद्दाम काढ आणि फझरला ती पळवाट किती वेळात सापडते ते मोज. फंक्शनमध्ये ग्लोबल व्हेरिएबल ठेवू नकोस, नाहीतर सापडलेला क्रॅश दुसऱ्यांदा चालवल्यावर होणारच नाही. आणि हे सगळं आपल्या लॅपटॉपवर. कॉलेजच्या चालू सर्व्हरवर फझर सोडलास तर आयटी कायद्याचं कलम ४३ आणि ६६ आहेच.

प्रश्न : आम्ही तालुक्यात इंटरनेट देतो. दोन रिझॉल्व्हर आहेत, दोन्हीवर रॉकी लिनक्स ८ आणि बाइंड. आवृत्ती ९.११.३६ दिसते. स्कॅनरने २०२३ ची सीव्हीई दाखवून लाल शेरा दिला आहे, अपडेट तर दर महिन्याला करतो. खरं काय मानायचं? शिवाय मध्येच नेम्ड (बाइंडचा चालू प्रोग्राम) बंद पडतो आणि आपोआप चालू होतो, त्याचं काय?
(स्थानिक इंटरनेट सेवा, विटा)

उत्तर : स्कॅनर फक्त आकडा वाचतो. रेडहॅटच्या घराण्यात आवृत्ती न बदलता दुरुस्ती मागे आणून बसवतात, त्यामुळे ९.११.३६ हा आकडा वर्षानुवर्षं तोच राहतो आणि शेपटीचा रिलीज क्रमांक वाढत जातो. ‘आरपीएम मायनस क्यू, डबल मायनस चेंजलॉग, बाइंड’ ही आज्ञा द्या आणि तिच्यातून सीव्हीई असलेल्या ओळी ग्रेप करा. स्कॅनरने दाखवलेला क्रमांक त्यात असेल तर लाल शेऱ्याला ती ओळ जोडून उत्तर पाठवा. डेबियन-उबंटूवर ‘एपीटी चेंजलॉग बाइंड९’ तेच काम करतं. आवृत्ती लपवून ठेवली की स्कॅनर गप्प बसतो, त्याने सर्व्हर सुरक्षित होत नाही.

एवढ्यावर थांबू नका. डिस्कवरचं पॅकेज नवं आणि मेमरीत चालणारा नेम्ड जुना, असं होऊ शकतं. ‘सिस्टिम-सीटीएल स्टेटस नेम्ड’मध्ये सेवा कधीपासून चालू आहे ती तारीख अपडेटच्या आधीची असेल तर तुम्ही अजून जुन्याच कोडवर आहात. ‘नीड्स-रिस्टार्टिंग’ ही आज्ञा अशी सगळी प्रक्रिया शोधून देते. ओपनएसएसएलसारखी लायब्ररी बदलली तरी हाच नियम.

तुमच्या शेऱ्यात कुठली सीव्हीई आहे ते पत्रात नाही, पण २०२३ ची म्हणजे ३३४१ असेल तर ती आरएनडीसीच्या (बाइंडला आज्ञा देणाऱ्या साधनाच्या) नियंत्रण पोर्टची, ९५३ ची. त्या पोर्टला टीसीपीने नुसतं जोडता आलं तरी किल्ली नसताना स्टॅक संपवून नेम्ड पाडता येतो. मुळात ते पोर्ट १२७.०.०.१ वरच असतं. कुणीतरी सोयीसाठी ते सगळ्या पत्त्यांवर उघडलं आहे का ते ‘एसएस मायनस एलएनटीपी’ने बघा.

आता बंद पडण्याबद्दल, कारण हा भाग आम्हाला शेऱ्यापेक्षा गंभीर वाटतो. जर्नलमध्ये तो कुठल्या सिग्नलने मेला ते लिहिलेलं असतं. ६, म्हणजे अ‍ॅबॉर्ट, असेल तर बहुतेक वेळा बाइंडने स्वतःच जीव दिलेला असतो. आतली एखादी अट मोडलेली दिसली की पुढे जाऊन मेमरी बिघडवण्यापेक्षा तो तिथेच थांबतो आणि ‘असर्शन फेल्युअर’ची ओळ लिहून जातो. २०१५ च्या टीकी त्रुटीत, सीव्हीई-२०१५-५४७७ मध्ये, एका पॅकेटने जगभरचे बाइंड असेच पाडता येत होते. ११, म्हणजे सेगफॉल्ट, असेल तर अट न मोडता तो नको त्या पत्त्यावर गेला. ही खरी मेमरी बिघडल्याची खूण. एक अपवाद लक्षात ठेवा : सिग्नल ६ च्या आधी ‘मॅलॉक’ किंवा ‘फ्री’ने सुरू होणारी, ‘इनव्हॅलिड पॉइंटर’, ‘करप्टेड’ असे शब्द असलेली ओळ असेल तर हीप आधीच बिघडला होता आणि तो जीलिबसी या सिस्टिम लायब्ररीने पकडला. तो ११ इतकाच वाईट समजा. रॅम खराब असली तरी अशी लक्षणं दिसतात, पण मग दोन्ही सर्व्हर एकाच वेळी पडणार नाहीत. वेळा जुळवून बघा. तुमच्याकडे दोन्हीवर तेच सॉफ्टवेअर असल्यामुळे ही तुलना सोपी आहे.

कारण सापडेपर्यंत पोर्ट ५३ चं टीसीपीडंप चालू ठेवा : फाइल ५० एमबीची, अशा २०, जुनी पुसत नवी लिहिणारी. म्हणजे १ जीबीच्या आत राहतं आणि पडण्याआधीची पॅकेटं हाती लागतात. त्या फाइलींत ग्राहक काय बघतात ते सगळं असतं, काम झालं की पुसा. ‘सिस्टिमडी’ने आपोआप चालू करताना ‘रिस्टार्ट-सेक’ ५ ठेवा. मूळची किंमत १०० मिलिसेकंद आहे आणि १० सेकंदांत ५ वेळा चालू करूनही पडला तर सिस्टिमडी हात वर करतो. मग पहाटेपर्यंत तालुक्याचं इंटरनेट बंद. पण आपोआप उठतो म्हणून विसरूनही जाऊ नका. मेमरीचे पत्ते दर वेळी बदलतात, तरी हल्लेखोराला प्रत्येक रिस्टार्टमागे एक नवा डाव मिळतो.

मांडणीत दोन-तीन बदल सुचवतो. ‘अलाऊ-रिकर्शन’मध्ये फक्त तुमच्या ग्राहकांचे पत्ते असू द्या. ग्राहकांची डोमेनं होस्ट करत असाल तर ते काम वेगळ्या मशीनवर न्या. जीएसएस-टीसिग वापरत नसाल तर ‘टीकी-जीएसएसएपीआय’ने सुरू होणाऱ्या ओळी कॉन्फिगमधून काढा. वर कराडच्या उत्तरात सांगितलेली स्प्नेगोची त्रुटी या ओळी असतील तरच लागू होत होती. ‘गेट-एन्फोर्स’ चालवा. उत्तर ‘परमिसिव्ह’ किंवा ‘डिसेबल्ड’ आलं तर नव्या सर्व्हरवर पहिलं काम म्हणून एसईलिनक्स बंद करण्याची आपल्याकडची सवय तुम्हालाही लागलेली आहे. नेम्डचा ताबा गेला तरी तो कुठल्या फाइलींना हात लावू शकतो याला हा एक महत्त्वाचा बांध असतो. आणि दुसऱ्या रिझॉल्व्हरवर बाइंडऐवजी अनबाउंड हे दुसरं सॉफ्टवेअर टाका. एकाच त्रुटीने दोन्ही एकदम पडणार नाहीत. दोन कॉन्फिग सांभाळायचा त्रास आहे, पण तुमच्या आकाराच्या सेवेला तो परवडतो.

हल्ला झाल्याचं लक्षात आलं तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे ६ तासांत कळवावं लागतं आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. सर्व्हरची घड्याळं एनटीपीने जुळलेली नसतील तर त्या लॉगचा उपयोग होत नाही.

प्रश्न : हॉटेलमध्ये १८ खोल्या, एकच वायफाय राउटर आणि रिपीटर. राउटरमध्ये डीएनएसमॅस्क आहे असं वायरिंगवाल्याने सांगितलं. पाहुणे कुठून कुठून येतात. आम्हाला काही करायला हवं का?
(हॉटेल व्यावसायिक, पाचगणी)

उत्तर : हो, आणि तुमच्याकडे धोका बाहेरून येतो तितकाच खोलीतूनही येतो. डीएनएसमॅस्क नावं शोधतो आणि पाहुण्यांच्या मोबाइलला आयपी पत्तेही वाटतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी त्यात ७ त्रुटी काढल्या. काही डीएनएसच्या बाजूच्या होत्या, काही पत्ते वाटण्याच्या, म्हणजे त्याच वायफायवर बसलेल्याला वापरता येतील अशा. त्या २.७८ मध्ये मिटल्या. जानेवारी २०२१ मध्ये ‘डीएनएसपूक’ नावाने आणखी ७ निघाल्या, त्या २.८३ मध्ये मिटल्या. त्यातल्या मेमरीच्या ४ त्रुटी डीएनएससेक तपासणी चालू असेल तरच लागू होत्या. बाकीच्या ३ खोटी उत्तरं साठवून ठेवायला लावणाऱ्या.

तुमचा आकडा पाहायचा तर वायफायला जोडलेल्या लॅपटॉपवर एनएसलुकअप चालवा : टाइप ‘टीएक्सटी’, क्लास ‘केऑस’, नाव ‘व्हर्जन डॉट बाइंड’, शेवटी राउटरचा पत्ता. बरेच राउटर सरळ आवृत्ती सांगतात. २.८३ पेक्षा कमी आली तर कंपनीच्या साइटवर नवं फर्मवेअर शोधा. फर्मवेअर टाकताना लॅपटॉप केबलने जोडा आणि राउटर यूपीएसवर ठेवा, पाचगणीत पावसाळ्यात हे सांगायला नको. मध्येच लाइट गेली तर राउटर कायमचा जाऊ शकतो. कंपनी पॅच देतच नसेल तर नवा राउटर घ्या. डीएचसीपीमधून पाहुण्यांना थेट बाहेरचा डीएनएस देऊन अर्धा भाग टाळता येतो, पत्ते वाटणारा अर्धा तसाच राहतो. रिसेप्शनचा बिलिंग पीसी आणि कॅमेऱ्यांचा डीव्हीआर पाहुण्यांच्या नेटवर्कवर असेल तर ते मात्र आजच वेगळे करा. बहुतेक राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ असतं आणि ‘एपी आयसोलेशन’ची (पाहुण्यांची उपकरणं एकमेकांपासून वेगळी ठेवण्याची) खूणही असते.

प्रश्न : रुग्णालयात मॉनिटर, इन्फ्युजन पंप, प्रिंटर अशी बरीच उपकरणं नेटवर्कवर आहेत. ती डीएनएस सर्व्हर नाहीत, मग त्यांचा या विषयाशी संबंध आहे का?
(जैववैद्यकीय अभियंता, मिरज)

उत्तर : आहे. प्रश्न विचारणाऱ्यालाही उत्तर वाचावंच लागतं. एप्रिल २०२१ मध्ये फोरस्काउट आणि जेएसओएफ यांनी ‘नेमरेक’ या नावाने ९ त्रुटी जाहीर केल्या. फ्रीबीएसडी, न्यूक्लियस नेट, आयपीनेट आणि नेटएक्स या ४ नेटवर्क स्टॅकमध्ये त्या होत्या, आणि निम्म्याहून जास्त वर सांगितलेल्या संक्षेपाच्या निर्देशकापाशीच होत्या. आतला स्टॅक कुठला हे उपकरणाच्या पेटीवर लिहिलेलं नसतं, पुरवठादाराला लेखी विचारा. उपकरणाचं सॉफ्टवेअर स्वतः बदलायला जाऊ नका, त्याची मान्यता आणि वॉरंटी दोन्ही अडकतील.

तुमच्या हातात नेटवर्क आहे. उपकरणांचा व्हीलॅन वेगळा करा. त्यातून पोर्ट ५३ फक्त तुमच्या आतल्या रिझॉल्व्हरकडे जाऊ द्या, बाहेर यूडीपी आणि टीसीपी दोन्हीने बंद. लोक यूडीपी बंद करतात आणि टीसीपी विसरतात. बंद करण्याआधी आठवडाभर हाच नियम नुसता लॉग करायला लावा. काही उपकरणांत कंपनीने बाहेरचा डीएनएस पत्ता कोरून ठेवलेला असतो, ती यादी या लॉगमधून मिळेल. मग नियम लागू करताना अतिदक्षता विभागातली उपकरणं सगळ्यात शेवटी घ्या, एका वेळी एकच बेड, आणि तेही नर्सिंग इन्चार्जना आधी सांगून. ज्या उपकरणांना नावाने काहीच शोधायचं नसतं आणि ज्यांच्या सर्व्हरचा पत्ता आकड्यात भरता येतो, त्यांच्या सेटिंगमध्ये डीएनएसचा रकाना रिकामा ठेवा.